डॉक्टर असताना मिडवाइफ कशाला?

पाचवा महिना चालू असलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. पहिलंच बाळंतपण, आतापर्यंतच्या तपासण्या व्यवस्थित, आणि जिथे नाव नोंदवलंय तिथे ‘तुम्हाला हवं तर मिडवाइफच्या, म्हणजे बाळंतपणाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या सुईणीच्या, देखरेखीखाली बाळंत होता येईल’ असं सांगितलंय. घरात मात्र एकच सूर आहे: डॉक्टर असताना मिडवाइफ कशाला, आणि ऐन वेळी काही बिघडलं तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं? मिडवाइफ असं काय देते जे एरवी मिळत नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचंय.

ताई, मी स्वतः मिडवाइफ आहे आणि आयुष्याची बरीच वर्षं लेबर रूममध्ये गेली आहेत, म्हणून मोकळेपणाने लिहिते. मिडवाइफ देते ती जाणत्या माणसाची सोबत. तुम्हाला गरोदरपणापासून ओळखणारी एक प्रशिक्षित बाई कळा वाढल्या की तुमच्याजवळ असते. सगळं सुरळीत चाललंय तोवर ती त्यात लुडबुड करत नाही, आणि जरा कुठे बिनसू लागलं की ते सगळ्यांच्या आधी तिच्या लक्षात येतं.

प्रसूतितज्ज्ञांचं शिक्षण गुंतागुंत ओळखून ती सोडवण्यासाठी असतं. सिझेरियन, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळ बाहेर काढणं, न थांबणारा रक्तस्राव ही त्यांची कामं, आणि ती त्यांनीच करावीत. पण एकाच दिवशी त्यांच्यासमोर ओपीडी असते, ऑपरेशन असतं, दुसऱ्या वॉर्डातली अत्यवस्थ बाई असते. सहा-आठ तास ते एकीच्या शेजारी बसू शकत नाहीत आणि तशी अपेक्षाही करू नये. मिडवाइफचं शिक्षण मात्र निरोगी गरोदरपण आणि निरोगी प्रसूती यांभोवतीच असतं. साधं बाळंतपण ती स्वतः करते, बाळाचा श्वास सुरू झाला नाही तर पहिल्याच मिनिटात तो देते, रक्तस्रावावरचे पहिले उपाय करते, आणि कुठल्या क्षणी डॉक्टरांना बोलवायचं हे तिच्या अंगी मुरलेलं असतं.

गरोदरपणातल्या भेटींपासून सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये या भेटी चारवरून आठवर नेल्या: पहिली 12 आठवड्यांच्या आत, मग 20, 26, 30, 34, 36, 38 आणि 40व्या आठवड्याला. बीपी, लघवी, गर्भाशयाची उंची, बाळाचे ठोके हे सगळीकडे बघतातच. दर खेपेला बघणारी व्यक्ती तीच असली की फरक पडतो. समजा एखादीचं बीपी सुरुवातीपासून 100/60 च्या आसपास आहे आणि 34व्या आठवड्यात ते 132/86 आलं. 140/90 ही धोक्याची रेघ धरतात, त्यामुळे नवीन माणूस ‘ठीक आहे’ असं लिहून पुढे जाण्याची शक्यता असते. जी तिला पाच महिने बघतेय, ती थांबते. थोडा वेळ बसवून पुन्हा बीपी घेते, लघवीत प्रोटीन आहे का बघते, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काजवे चमकतात का, बरगड्यांखाली दुखतं का हे विचारते, आणि पुढची भेट दोन आठवड्यांऐवजी दोन-तीन दिवसांवर आणते. प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून आई-बाळाला धोक्यात आणणारा आजार, असा सुरुवातीलाच सापडला तर डॉक्टरांच्या हातात वेळ राहतो.

36व्या आठवड्याची पोटाची तपासणी मला स्वतःला फार आवडते. आधी लघवीला जाऊन यायला सांगते, मग हात चोळून गरम करते, कारण गार हात लागला की पोट आकसतं आणि आतलं काही कळत नाही. वरच्या टोकाला मऊ, रुंद, सहज न हलणारं काही लागलं तर ते ढुंगण. दोन्ही बाजूंना तळवे ठेवले की एका बाजूला सलग, टणक पाठ लागते, दुसरीकडे गुडघ्या-कोपरांचे छोटे उंचवटे. खाली ओटीपोटाशी कठीण, गोल डोकं. त्यातलं किती वर राहिलंय हे बोटांनी मोजतात: पाचही बोटं डोकं लागलं तर ते अजून वर आहे, दोन बोटं किंवा त्याहून कमी लागलं तर खाली उतरून बसलंय. मग आईचा हात त्या पाठीवर नेऊन ठेवते. ‘ही पाठ’ म्हटल्यावर तिचा चेहरा बदलतो, आणि पुढचे चार आठवडे बाळ कुठल्या कुशीला आहे हे तीच मला सांगायला लागते. बाळ पायाळू निघालं तरी याच वेळी कळलेलं बरं, कारण साधारण 36-37व्या आठवड्यात डॉक्टर पोटावरून हातांनी ते फिरवून बघू शकतात. कळा सुरू झाल्यावर कळलं तर ती संधी बहुधा गेलेली असते.

या भेटींत बोलणंही होतं, आणि ते वेळ घालवणं नसतं. पहिल्या भेटीत ‘सगळं ठीक’ म्हणणारी बाई चौथ्या भेटीत सांगते की आधीचा गर्भ पडला होता आणि ते घरात कोणाला माहीत नाही. कोणी सांगते की आतून तपासणीची तिला विलक्षण भीती वाटते. कोणाला घरात मार बसतो. हे फॉर्मवरच्या रकान्यात येत नाही, पण बाळंतपणावर याचा परिणाम होतो. भीतीने आखडलेल्या बाईच्या कळा लांबतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता कळा. पहिलटकरणीच्या सुरुवातीच्या कळा कधीकधी दिवसभर चालतात, मध्ये थांबतात, पुन्हा येतात. या वेळी फोनवर कोणी ओळखीचं असणं फार मोलाचं असतं. मी फोनवर बोलता बोलता एक कळ येऊन जाईपर्यंत थांबते. त्या कळेतही ती बोलू शकत असेल, पाणी गेलेलं नसेल, रक्त नसेल, बाळ हलत असेल, तर घरीच थांबा, खा-प्या, जमेल तेवढी झोप काढा असं सांगते. फार लवकर दाखल झालं की कॉट मिळते, आणि कॉट मिळाली की घड्याळ सुरू होतं.

या घड्याळाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण अनेक अनावश्यक उपाय इथूनच सुरू होतात. 1950 च्या दशकातल्या अभ्यासांवरून गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटिमीटर तरी उघडलंच पाहिजे असा नियम पडला होता. त्याहून हळू उघडलं की सलाईनमधून कळा वाढवायच्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये स्पष्ट केलं की निरोगी बाईला हा नियम लावून ‘प्रसूती अडली’ असं ठरवू नये. खरा वेग साधारण पाच सेंटिमीटरनंतर येतो, आणि तिथून पूर्ण उघडेपर्यंत पहिल्या खेपेला बहुधा 12 तासांच्या आत होतं. आई आणि बाळ दोघं ठीक असतील तर फक्त घड्याळाकडे बघून घाई करायचं कारण नाही. मात्र ‘दोघं ठीक आहेत’ हे सतत तपासत राहावं लागतं. बाळाचे ठोके तोंड उघडण्याच्या टप्प्यात दर 15 ते 30 मिनिटांनी आणि जोर लावण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी, प्रत्येक वेळी पूर्ण मिनिटभर ऐकायचे. 110 ते 160 ही त्यांची नेहमीची मर्यादा. कळेनंतर ठोके खाली जाऊन वर यायला वेळ लागतोय का, हे कान देऊन ऐकायचं.

आतून तपासणी सगळं सुरळीत असेल तर चार तासांनी एकदा पुरते. मधल्या वेळात बाईकडे बघूनच पुष्कळ कळतं. कळ आली की ती बोलायची थांबते, मग कळ गेल्यावरही बोलेनाशी होते. आवाज आधी गळ्यातून येत असतो, तो खोल जातो. पायाची बोटं आखडतात, वरच्या ओठावर घाम येतो. काहीजणींना ढुंगणाच्या फटीत खालून वर सरकत जाणारी जांभळट रेघ दिसते. ती जितकी वर तितकं तोंड जास्त उघडलेलं. सगळ्याजणींना ती दिसत नाही, पण दिसली तर तपासणीसाठी हात घालावा लागत नाही. गरज नसताना हात न घालण्याला जुना, दुःखद आधार आहे. 1840 च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते, एक वैद्यकीय विद्यार्थ्यांचा, एक शिकाऊ मिडवाइफचा. पहिल्या विभागात बाळंतज्वराने होणारे मृत्यू दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक होते, आणि बायका दुसऱ्या विभागात घ्या म्हणून विनवण्या करत. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट तपासायला येत होते. 1847 मध्ये तिथले डॉक्टर सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. आज हात स्वच्छ असतात, हातमोजेही असतात. तरी पाणी गेल्यानंतर प्रत्येक जादा तपासणीने जंतुसंसर्गाची शक्यता वाढते.

आमच्या कामाचा एक नमुना सांगते. बाई पाच सेंटिमीटरवर येऊन अडकली आहे. कळा पोटात कमी आणि कंबरेत जास्त. पोट चाचपलं तर पाठ समोर कुठेच सापडत नाही, बेंबीभोवती खळगा दिसतो, आणि दोन्ही बाजूंना हातपाय लागतात. म्हणजे बाळाची पाठ आईच्या पाठीकडे आहे आणि डोकं अडचणीच्या कोनातून उतरायला बघतंय. ती तासन् तास पलंगावर उताणी आहे. मी आधी तिला लघवीला नेते, कारण भरलेलं मूत्राशय डोक्याला अडवतं. मग गुडघे आणि हात टेकून पुढे झुकायला सांगते, कळ आली की कंबरेच्या सपाट हाडावर तळव्याने दाब देते, कळ गेली की घोटभर पाणी. थोड्या वेळाने उभं राहून एक पाय स्टुलावर, मग कुशीवर. कधी बाळ फिरतं आणि तासाभरात खालच्या जोराची भावना येते. कधी फिरत नाही, आणि डॉक्टरांना बोलवावं लागतं. पण तेव्हा त्यांना मी नेमकं सांगू शकते की काय काय करून झालंय, किती वेळ, आणि ठोके कसे आहेत.

दुखण्याबद्दल खोटा दिलासा देणार नाही. मिडवाइफ शेजारी असली म्हणून कळा दुखायच्या थांबत नाहीत. चालणं, कोमट पाणी, मालिश, श्वास, अंधारलेली शांत खोली, ओळखीचा आवाज यांनी त्या सोसवतात, इतकंच. एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ दिलं जाणारं वेदनाशामक, हवं असेल तर मागा. मागितल्याने तुम्ही कुठेही कमी पडत नाही, आणि चांगली मिडवाइफ तुम्हाला तसं वाटूही देणार नाही. ते मिळालं तरी तिचं काम चालूच राहतं.

डोकं बाहेर येतानाची काही मिनिटं खालच्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाची. कोमट पाण्यात भिजवलेलं कापड पेरिनियमवर, म्हणजे योनी आणि गुदद्वार यांमधल्या भागावर, धरून ठेवलं की कातडी ताणायला वेळ मिळतो. मोठी, गुदद्वारापर्यंत जाणारी फाट त्यामुळे कमी होते हे अभ्यासांत दिसलंय. डोकं दिसू लागलं की ‘आता जोर नको, धापा टाका’ असं सांगते, म्हणजे ते सावकाश सरकत येतं. वाट मोठी करायला सरसकट तिथे छेद देण्याची शिफारस आज कोणी करत नाही. बाळाचे ठोके उतरले आणि बाळ ताबडतोब काढायचं असेल, तर छेद द्यावा लागतो आणि तो द्यायलाच हवा.

बाळ आलं की कोरडं करून थेट आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. नाळेला निदान एक मिनिट, शक्यतो तीन मिनिटांपर्यंत, चिमटा लावायचा नाही. त्या वेळात बाळाला त्याचं स्वतःचं रक्त मिळतं. आईला गर्भपिशवी आकसवणारं ऑक्सिटोसिन 10 युनिट, मग वार बाहेर येते. सगळे बाळात गुंतलेले असताना मिडवाइफचा एक हात मात्र आईच्या पोटावर असतो. गर्भपिशवी टणक असेल तर ठीक, मऊ पडली तर आतून रक्त जातंय. किती गेलं याचा नुसत्या नजरेचा अंदाज फसतो. चार आफ्रिकी देशांत झालेला एक मोठा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतिणीच्या खाली मापाच्या खुणा असलेली पिशवी ठेवली आणि रक्तस्राव वाढताच सगळे उपाय एकदम सुरू केले. नेहमीच्या पद्धतीत निम्मेच रक्तस्राव ओळखले जात होते, या पद्धतीत 90 टक्क्यांहून जास्त ओळखले गेले, आणि गंभीर परिणाम सुमारे 60 टक्क्यांनी घटले. ही पिशवी बघणारं आणि वेळेत हाक मारणारं माणूस खाटेशेजारी असावं लागतं.

नंतरच्या दिवसांकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. बाळंतपणानंतर 48 ते 72 तासांत, मग 7 ते 14 दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात अशा तीन भेटी तरी व्हायला हव्यात. स्तनाग्रं चिरली असतील तर बहुतेकदा बाळ नुसतं टोक ओढत असतं. तोंड मोठं उघडून स्तनाचा काळा भाग आत गेला की दुखणं कमी होतं, आणि हे शेजारी बसून दाखवावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येणं नेहमीचं आहे. ते दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, झोप उडाली असेल, बाळाकडे बघवत नसेल, तर उपचार लागतात, आणि अशी बाई ते आपल्या ओळखीच्या मिडवाइफला आधी सांगते.

आता तुमच्या घरच्यांचा मुख्य प्रश्न: बिघडलं तर? ठोके बिघडले, हिरवं पाणी गेलं, ताप आला, बीपी चढलं, तासन् तास प्रगती नाही, रक्त जास्त जातंय, यांपैकी काहीही दिसलं की डॉक्टरांना बोलावणं हा मिडवाइफच्या कामाचाच भाग आहे. इंग्लंडमध्ये सुमारे 64,000 कमी जोखमीच्या स्त्रियांवर झालेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. मिडवाइफच्या विभागात प्रसूतीची योजना केलेल्या पहिलटकरणींच्या बाळांना डॉक्टरांच्या विभागापेक्षा जास्त धोका दिसला नाही. घरी प्रसूतीची योजना केलेल्या पहिलटकरणींच्या बाळांना मात्र थोडा जास्त दिसला. आणखी एक आकडा घरच्यांना मुद्दाम सांगा: त्या अभ्यासात डॉक्टरांच्या विभागाबाहेर प्रसूती ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी 36 ते 45 टक्क्यांना मध्येच किंवा बाळंतपणानंतर लगेच तिकडे हलवावं लागलं. त्यातल्या पुष्कळजणींना प्रगती मंद म्हणून किंवा एपिड्युरल हवं म्हणून हलवलं होतं. तेव्हा पहिल्या खेपेला ‘हलवावं लागू शकतं’ हे मनाशी धरूनच निर्णय घ्या, आणि डॉक्टर व ऑपरेशन थिएटर त्याच इमारतीत आहेत अशी जागा निवडा असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिडवाइफच सांभाळते अशा पद्धतीवर कॉक्रेन या अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा 2024 चा आढावा आहे: 17 चाचण्या, 18,533 स्त्रिया. नैसर्गिक प्रसूती थोड्या वाढल्या, सिझेरियन आणि चिमटा-व्हॅक्यूम थोडे घटले, समाधान वाढलं. अकाली प्रसूती कमी होतात असं आधीच्या आढाव्यात वाटलं होतं, ते नव्या आढाव्यात टिकलं नाही. फरक प्रचंड नाही, पण तो बाईच्या बाजूने आहे.

जुळं, आडवं मूल, खाली असलेली वार, हृदयविकार, इन्सुलिनवरचा मधुमेह, वाढलेलं बीपी, आधीचं सिझेरियन: यांत निर्णय डॉक्टरांचे. मिडवाइफ तेव्हाही शेजारी असू शकते, आणि अशा बाईला तिची गरज जास्तच असते.

कोण खरी मिडवाइफ हेही बघा. नोंदणी असलेली, रीतसर शिकलेली हवी. नुसता अनुभव सांगणारी नको. डॉक्टरांबद्दल वाईट बोलणारी किंवा ‘काही झालं तरी नॉर्मलच करू’ अशी हमी देणारी असेल तर तिच्याकडे जाऊ नका. ही हमी प्रामाणिक माणूस देऊच शकत नाही.

आणि मिडवाइफ असो वा नसो: रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं सतत दुखून दिसायला धूसर झालं, ताप आला, चेहरा-हात अचानक सुजले, तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच वेळी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.

पुढच्या भेटीत एवढं विचारा: गरोदरपणात मला बघणारीच मिडवाइफ प्रसूतीला असेल का, नसेल तर कोण? एका वेळी ती किती जणींना सांभाळते? डॉक्टर किती मिनिटांत पोचतात, आणि त्यांना कधी बोलवायचं हे लिहून ठेवलंय का? कळांच्या वेळी माझ्या सोबतीला घरचं कोणी आत थांबू शकतं का? घरात ज्यांना सगळ्यात जास्त शंका आहे त्यांनाच त्या दिवशी बरोबर न्या, आणि प्रश्न त्यांना विचारू द्या.